नागपूरचा मांडव आणि बावीस शेपट्या

मेघनाचा फोन आला तेव्हा मी नाशिकला घराच्या गच्चीत कुंड्यांना पाणी घालत होते. मेघना माझी कॉलेजातली मैत्रीण, लग्नानंतर नागपूरची झालेली. म्हणाली, "मार्चमध्ये आमच्या इथे कलामेळा आहे. लोकांना बसायला, नाटक-गाणं ऐकायला एक मांडव पाहिजे, पण नेहमीचा नको. तू काढ ना डिझाइन. आणि उभा करायलाही तूच ये." मी लगेच हो म्हटलं. फोन ठेवल्यावर पाच मिनिटांनी नाही म्हणायला पुन्हा उचलला आणि तसाच ठेवला.

हा ब्लॉग आधीपासून वाचणाऱ्यांना माहीत आहे की मी जन्माची भित्री आहे. घाटात ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसून मीही ब्रेक दाबते. लिफ्टमध्ये शिरताना किती माणसं आहेत ते मोजते. अशा बाईने आर्किटेक्ट का व्हावं, हा प्रश्न माझी आई गेली वीस वर्षं विचारते आहे. पण या वेळच्या भीतीला कारण होतं. तीन वर्षांपूर्वी एका शाळेच्या प्रदर्शनात मी कापडी छत केलं होतं. दोरीची एक गाठ सुटली, कापड सरकलं आणि आडवा बांबू खाली एका खुर्चीवर आपटला. त्या खुर्चीवरच्या बाई मिनिटभरापूर्वीच चहा घ्यायला उठल्या होत्या. कोणाला काही झालं नाही, फक्त खुर्चीचा पाय मोडला. ती खुर्ची मला अजून दिसते. तेव्हापासून दोरीच्या गाठीवर माझा काडीचा विश्वास नाही.

जायचं कसं, हे आधी सांगते. समृद्धी महामार्गाने बस झटकन नेते म्हणतात, पण एवढ्या वेगात झोपून जायची माझी छाती नाही. नाशिक रोडवरून संध्याकाळची गाडी पकडली की पहाटे नागपूर. मार्चच्या सुरुवातीला स्लीपर पुरते, एसी लागत नाही. सोबत पातळ चादर, टोपी आणि एक मोठा रुमाल घ्या. रुमाल उन्हासाठी सांगतेय, पण मला तो धुळीसाठी लागला. ती धूळ पुढे येईलच.

सोमवारी पहाटे मेघना स्टेशनवर घ्यायला आली. घरी जायच्या आधी तिने मला एका टपरीवर पोह्यांपाशी उभं केलं. पोह्यांवर लाल तर्री, वर हरभरे, वर कच्चा कांदा. मी म्हटलं, तर्री कमी. टपरीवाल्याने माझ्याकडे दयेने पाहिलं आणि नेहमीएवढीच ओतली. तीस-चाळीस रुपयांत पोट भरतं आणि नाक, डोळे, कान सगळं मोकळं होतं. मी पाणी मागून राहिले होते तेव्हा मेघना म्हणाली, "पोह्यालेही घाबरतेस का वं तू?" दोन वाक्यांत मीही "मागून राहिले" म्हणायला लागले, बघा. नागपूरची भाषा अशी चटकन चिकटते.

मेळ्याची जागा म्हणजे शहराच्या कडेचं एक कॉलेजचं मैदान. तीन बाजूंनी कडुनिंब, पश्चिमेकडे मात्र एकदम उघडं. माझा मांडव साठ फूट लांब, चाळीस रुंद. बारा बांबूचे खांब, प्रत्येक खांब रेतीने भरलेल्या पिंपात उभा. वर पांढऱ्या कापडाचं छत. बसायला संत्र्याच्या लाकडी पेट्या. आणि पश्चिमेच्या अख्ख्या साठ फुटांवर जुन्या लुगड्यांची शिवलेली कनात. मेघनाने दोन महिने ओळखीपाळखीच्या घरांतून लुगडी गोळा केली होती. ती विरलेली, म्हणून शिवताना आतून पातळ अस्तर लावलं होतं. कार्यक्रम संध्याकाळी पाचचा, तेव्हा ऊन तिरपं येतं. ते लुगड्यांतून गाळून आत आलं की बसलेल्यांच्या अंगावर रंग पडतील, अशी माझी कल्पना. कागदावर फार सुंदर दिसत होती. अजूनही दिसते.

मांडव उभा करणार होते मेश्राम भाऊ. विदर्भात मांडववाल्याच्या दुकानावर "बिछायत केंद्र" अशी पाटी असते. मेश्राम भाऊंचं असंच एक लहानसं केंद्र, वडिलांपासूनचं. साठीच्या पुढचे, काटकुळे, पांढरा शर्ट, चष्म्याला काळी दोरी. दरवर्षी दीक्षाभूमीला लोक येतात तेव्हा जेवणाच्या पंगतींसाठी ते पदरचा मांडव घालतात, एक पैसा न घेता, असं मेघनाने आधीच सांगितलं होतं. मी त्यांच्यापुढे ड्रॉइंग पसरलं. त्यांनी वरचं नाव वाचलं.

"पॅव्हिलियन. म्हणजे मांडवच ना जी?"

"मांडवच."

"मंग काही हरकत नाही," ते म्हणाले आणि चष्मा पुसत बोट पश्चिमेकडे केलं. "ही बाजू पूर्ण बंद ठेवता का तुमी?"

"ऊन अडवायचंय ना."

त्यांनी मैदानाच्या टोकापर्यंत पाहिलं आणि "करू ना जी" एवढंच म्हणाले. तेव्हाच विचारायला हवं होतं, काय पाहताय म्हणून. मी बोल्टांची यादी काढत होते.

मंगळवारी रेती आणायला कन्हान नदीकडे गेलो. कामठी ओलांडली की रस्त्यावर कोळशाच्या ट्रकांची रांग लागते. टेम्पोत मी मधल्या सीटवर, मेश्राम भाऊ खिडकीशी, आणि समोरून येणारा प्रत्येक ट्रक आपल्याच अंगावर येणार अशी माझी खात्री. मी डॅशबोर्ड धरून बसले होते. ते मात्र खिडकीतून हात बाहेर काढून बोटं हलवत होते. मला वाटलं उकडतंय. पुढे कळलं की ते वारा पाहत होते. हा माणूस कुठेही गेला की पहिल्यांदा वारा पाहतो. परतताना एका ढाब्यावर जेवलो, पाटोडीचा रस्सा आणि ज्वारीची भाकर. बेसनाच्या वड्या, पण रस्सा असा की कपाळावर घाम. जाणार असाल तर सोबत दही मागून घ्या, लाजू नका.

बुधवारी काटोल. नागपूरहून बस सारखी असते, दीड तासाच्या आसपास लागतो, पण पेट्या आणायच्या म्हणून आम्ही पुन्हा टेम्पोच नेला. हंगाम संपत आला होता तरी बाजारात संत्र्यांचे ढीग होते आणि हवेत सालींचा वास. एका व्यापाऱ्याने वापरलेल्या शंभर पेट्या दिल्या, वर खायला ओंजळभर संत्री. मेश्राम भाऊंनी एक संत्रं सोलून अर्धं मला दिलं.

"शुक्रवारी कार्यक्रम किती वाजता म्हणलं जी?"

"पाच."

"या दिवसांत चार-पाचलेच येते," ते म्हणाले. "आला का पच्छिमेकडूनच येते. दहा मिनिटं. मंग काही नाही."

"काय येतं?"

"वारा. कधी गारपीट घेऊन येते, कधी नुसती धूळ."

माझ्या तोंडातलं संत्रं कडू झालं. मी विचारलं, मग काय करायचं? ते म्हणाले, "आपण आहो ना बसलेलो." मी रात्रभर या वाक्याचा अर्थ लावत बसले. बसलेलो म्हणजे काय? वारा आल्यावर माणूस बसून काय करणार? मी लॅपटॉप उघडून पिंपातल्या रेतीचं वजन पुन्हा मोजलं. बोल्ट पुन्हा मोजले. फक्त त्यांना फोन करून विचारलं नाही. कारण काय म्हणाल, तर मी मॅडम होते ना. मॅडमने मांडववाल्याला वारा विचारायचा म्हणजे कसं दिसेल, हीसुद्धा एक भीतीच, आणि बाकीच्या भीत्यांपेक्षा ती जास्त नडली.

गुरुवारी दुपारपर्यंत मांडव उभा राहिला. खरं सांगते, मला भरून आलं. कोणाच्या तरी आजीचं हिरवं नऊवारी, कोणाचं लग्नातलं लाल, मधेच एक साधं पांढरं. तीन वाजता मेश्राम भाऊ माणसं घेऊन काटोलला निघाले. तिथे एक लग्न होतं, तो मांडव सकाळी घालून ते शुक्रवारी कार्यक्रमाआधी परतणार होते. जाताना म्हणाले, "माही खुर्ची तिथं कनातीजवळ राहू द्या जी." मी बरं म्हटलं. मनात म्हटलं, यांना आराम पाहिजे.

ते गेल्यावर मी एकटी मांडवात फिरत होते आणि माझं लक्ष कनातीच्या वरच्या कडेकडे गेलं. बांबूला कनात बावीस ठिकाणी बांधली होती. प्रत्येक गाठीतून दोरीचं एक लांब टोक खाली लोंबत होतं, हात पोचेल एवढं. त्या सुंदर लुगड्यांवर बावीस शेपट्या. मला ते अजागळ वाटलंच, पण त्याहून वाईट म्हणजे मी एक शेपटी हळूच ओढून पाहिली आणि अख्खी गाठ सर्रकन सुटली. कनातीचा तो कोपरा माझ्या हातात आला.

डोळ्यांपुढे ती पाय मोडलेली खुर्ची. उद्या दीडशे-दोनशे माणसं इथे बसणार, त्यात पोरंटोरं असणार, कोणीही येता-जाता ओढेल. आणि हा माणूस असल्या गाठी मारून लग्नाला निघून गेला? मला राग आला. भित्र्या माणसाला राग आला की तो फार हुशारी करतो. मी रिक्षा करून बर्डीच्या बाजारात गेले आणि हार्डवेअरच्या दुकानातून केबल बांधायचे प्लास्टिकचे जाड काळे पट्टे आणले, दात असलेले, एकदा ओढले की मागे येत नाहीत ते. ऊन उतरायच्या आत मी मांडवातल्या लाकडी घोडीवर चढून बावीसही ठिकाणी पट्टे आवळले. आणि कटरने शेपट्या कापून पिशवीच्या मागच्या कप्प्यात कोंबल्या. खाली उतरून कनात दोन्ही हातांनी ओढून पाहिली. जागची हलली नाही. त्या संध्याकाळी नागपुरात आल्यापासून पहिल्यांदा मला पोटभर जेवण गेलं. मेघनाच्या हातचा गोळाभात होता, वर कढी.

शुक्रवारी चारला लोक यायला लागले. पाचला मांडव भरला होता. पेट्यांवर म्हातारी माणसं, पुढे सतरंजीवर मुलं, आणि मी कल्पना केली होती तसेच त्यांच्या अंगावर हिरवे-तांबडे रंग. संयोजक राऊत सर माझ्या खांद्यावर थाप मारून गेले. मेश्राम भाऊंचा पत्ता नव्हता, काटोल रस्त्यावर टेम्पो अडकल्याचा फोन आला होता. मी त्यांच्या रिकाम्या खुर्चीवर पिशवी ठेवून शेजारी बसले. मेघना माईकवर बोलायला उभी राहिली.

पश्चिमेकडचं ऊन अचानक मळकट झालं. कडुनिंब आधी आवाज करायला लागले, मग कनातीच्या कडेने बाहेर पाहिलं तर मैदानाच्या टोकाला धूळ उठलेली दिसली. मी उभी राहिले. धुळीची ती भिंत पोचायला पाऊण मिनिटही लागलं नसेल. कनात आतल्या बाजूला अशी फुगली की कनातीलगतच्या रांगेतल्या आजीबाईंच्या पाठीला टेकली. वर बांबू कुरकुरला. आणि मी पाहिलं, पश्चिमेचा एक खांब रेतीच्या पिंपासकट बोटभर उचलला गेला आणि परत खाली बसला. तेवढं पुरे होतं. मी काढलेलं सगळं गणित कनातीतून वारा जाईल असं धरून होतं. कनात लुगड्यांची, पण शिवताना आतून अस्तर लावलं होतं. वारा कुठून जाणार होता? साठ फुटांचं शीड उभं केलं होतं मी, आणि त्याखाली माणसं बसवली होती.

मेघना माईकवरून शांतपणे सांगत होती, "समोरच्या बाजूने निघा, घाई करू नका, मुलांना उचला." तेवढ्यात फाटकाकडून मेश्राम भाऊ धावत आले. टेम्पोचं दार त्यांनी उघडंच टाकलं होतं. सरळ कनातीशी आले आणि न पाहताच हात वर केला, जिथे शेपटी असायची तिथे. हात हवेत फिरला. मग दुसऱ्या जागी, मग तिसऱ्या. त्यांनी वर पाहिलं.

"शेपट्या कुठं गेल्या?"

ओरडून नाही, नुसतं विचारलं. मी पिशवीतून कटर काढून त्यांच्या हातात दिला. त्यांनी कटरकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि घोडीवर चढले.

ते एकेक पट्टा आणि त्याखालची दोरी कापत सरकत होते आणि कापलेला भाग खाली येत होता. मी पेटीवर पेटी ठेवून दुसऱ्या टोकाने मेघनाच्या पर्समधल्या कात्रीने कापायला लागले. कात्री एवढीशी, पहिला पट्टा कापायला जन्म गेला. मागे मांडव रिकामा होत होता. माझे तीन झाले. त्यांचे पंधरा-सोळा झाले असतील. मग मधला तुकडा एकदम फाटला, आडवा बांबू झोकांडला, घोडीला लागला आणि मेश्राम भाऊ उजव्या हातावर पडले.

कनात पडली तसा वारा आरपार गेला. छत फडफडत राहिलं, पण खांब जागचा हलला नाही. दहा मिनिटांनी सगळं शांत. धुळीने आम्ही सगळे एका रंगाचे झालो होतो. मांडवाखाली कोणी नव्हतं, फक्त मेश्राम भाऊ, मी आणि मेघना. त्यांचा हात मनगटातून भलतीकडेच वळला होता.

धंतोलीत दवाखान्यांना तोटा नाही, गाडी लावायच्या जागेला आहे. मेघनाने आम्हाला दारात उतरवलं आणि ती वीस मिनिटं गल्ल्यांत फिरत राहिली. यवतमाळ, गडचिरोली, कुठून कुठून आलेली माणसं पायऱ्यांवर डबे उघडून बसली होती. मी त्यांच्यात बसून राहिले. मनगट दोन ठिकाणी मोडलं होतं, सकाळी ऑपरेशन ठरलं. डॉक्टर म्हणाले, तीन महिने काही उचलायचं नाही, बोटं पहिल्यासारखी वळतील की नाही ते नंतर सांगू. गाठी मारणाऱ्या माणसाची उजव्या हाताची बोटं.

त्यांच्या पत्नी, सुशीलाताई, डबा घेऊन आल्या. मला म्हणाल्या, "तुमी जेवल्या का नाही?" मी मान हलवली, हो की नाही ते माझं मलाच कळलं नाही. थोड्या वेळाने राऊत सर आले. खाटेशी उभे राहून त्यांनी चौकशी केली, मग माझ्याकडे वळले. "मॅडम, तुमच्या डिझाइनमुळे वाचलो आपण. खांब बघा, एक पडला नाही." आणि मग मेश्राम भाऊंना, समजुतीच्या सुरात, "भाऊ, कनात कशी काय अडकली? बांधण्यात काही चुकलं का?"

खोलीत सगळे मेश्राम भाऊंकडे पाहत होते. ते माझ्याकडे पाहत नव्हते.

"हो जी," ते म्हणाले. "गाठी माह्याच होत्या."

मी बोलायला हवं होतं. तोंड उघडलंही होतं. पण मला त्या क्षणी आई दिसली, नाशिकचं ऑफिस दिसलं, उद्या पेपरात काय येईल ते दिसलं, आणि मी तोंड मिटलं. बाहेर कॉरिडॉरमध्ये राऊत सर मेघनाला हळू आवाजात म्हणाले, "म्हातारे झाले आता. पुढच्या वर्षी दुसरा बिछायतवाला पाहू." मी दोन पावलांवर उभी होते. ते सगळं ऐकून मी पाण्याच्या कूलरपाशी गेले आणि पाणी प्यायले.

शनिवारी ऑपरेशन झालं. रविवारी संध्याकाळची माझी गाडी होती, म्हणून सकाळी भेटायला गेले. सोबत संत्रा बर्फी नेली, आजाऱ्याला काय न्यावं ते सुचलं नाही. सुशीलाताई औषधं आणायला खाली गेल्या होत्या. मेश्राम भाऊंनी डाव्या हाताने उशाखालून सुतळीचा तुकडा काढला आणि माझ्या हातात दिला.

"त्या दांडीले बांधा जी."

मी खाटेच्या दांडीला बांधली. माझी नेहमीची, घट्ट.

"सोडा."

सुटेना. नखं तुटायची वेळ आली.

"आता असं," म्हणून त्यांनी डाव्या हाताने, दाताची मदत घेऊन, दोरीचं टोक दुहेरी करून फासातून काढलं. मला तसं करायला लावलं. चौथ्या खेपेला जमलं. एक शेपटी खाली लोंबायला लागली.

"आता ओढा."

ओढली. सर्रकन सुटली.

"खाली माणूस असला का गाठ अशी पायजे," ते म्हणाले. "वरचं पक्कं, बाजूचं सुटतं. अन् सोडनारा माणूस जवळ बसला पायजे. म्हून खुर्ची ठेवा म्हणलं होतं."

"तुम्ही सांगितलं का नाही?" मला रडू फुटलं होतं, आणि वर मीच त्यांना विचारत होते.

"तुमी इंजिनेर मान्सं. मले वाटलं तुमाले मालूम असन." मग माझ्या हातातून सुतळी घेत, "अन् तुमी काहून नाही विचारलं जी?"

त्यांच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. मी माफी मागितली. त्यांनी डावा हात हलवला, माशी उडवावी तसा. सुशीलाताई आल्या तेव्हा ते माझी बर्फी खात होते.

परतीच्या गाडीत मी झोपले नाही. नाशिकला घरी आले, पिशवी रिकामी करायला घेतली, आणि मागच्या कप्प्यातून शेपट्या निघाल्या. मी त्या जमिनीवर ओळीने मांडल्या. बावीस. प्रत्येक एका मापाची, प्रत्येकीच्या टोकाला उसवू नये म्हणून लहानशी गाठ. कोणीतरी बसून एकेक मापून ठेवली होती. ज्याला मी निष्काळजी म्हटलं होतं त्याने.

सुचली ती पहिली गोष्ट म्हणजे मेघनाला फोन. सगळं सांगितलं.

"तेव्हाच काहून नाही बोलली वं तू?"

"भीती वाटली."

"अन् आता?"

"आताही वाटतेय."

तरी त्याच दिवशी मी राऊत सरांना पत्र लिहिलं. शेपट्या मी कापल्या, पट्टे मी लावले, अस्तराचा विचार मी केला नाही, मेश्राम भाऊंच्या गाठी बरोबर होत्या आणि त्या तशाच राहिल्या असत्या तर कनात अर्ध्या मिनिटात खाली आली असती, कोणाला खरचटलंही नसतं. सोबत बावीस शेपट्यांचा फोटो. पाठवायचं बटण दाबायला मला दीड तास लागला. उत्तर दोन ओळींचं आलं, कोरडं. मला पुन्हा कोणी बोलावणार नाही हे त्यात न लिहिताही कळत होतं. मेश्राम भाऊंच्या नावाबद्दल मात्र एक ओळ होती. पुढच्या वर्षीचं काम त्यांच्याकडेच राहील.

हा वृत्तांत लिहायला मला आणखी अडीच महिने लागले. नागपूरला जाणार असाल तर जरूर जा. मार्चमध्ये दुपारी चारनंतर उघड्या मैदानात असाल तर पश्चिमेकडे लक्ष ठेवा, तर्री पोहे सकाळीच खा, काटोलला संत्री झाडाखाली उभं राहून खा. आणि मांडवात बसलात तर एकदा वर पाहा, दोऱ्यांची टोकं लोंबताना दिसली तर निश्चिंत बसा.

काल मेश्राम भाऊंचा फोन आला. प्लास्टर निघून महिना झालाय, अंगठा आणि पहिलं बोट वळतं, बाकीची तीन अजून नाही. सुतळी पकडता येते, ओढता येत नाही.

"ताई," ते म्हणाले. मॅडम म्हणाले नाहीत. "दसऱ्याले दीक्षाभूमीले आपला मांडव असते. तुमी या."

"मी येऊन काय करू?"

"गाठी तुमी मारजा. मी खाली बसतो."

फोन ठेवल्यावर मी बराच वेळ गच्चीत उभी होते. इतकी भीती मला आयुष्यात कधी वाटली नव्हती. मग आत जाऊन सुतळी आणली आणि गच्चीच्या कठड्याला बांधायला लागले.